हातचा

आमची मंडळी भरते कोपरखैरण्यात,
शाळेच्या पहिल्या मजल्यावर, तिसरी ‘ब’च्या वर्गात,
रविवारी साडेआठ ते अकरा.
भाडं आगाऊ, अट एकच:
फळा पुसायचा नाही.

म्हणून पाळकांच्या डोक्यामागे
वधस्तंभ नसतो, असतो शनिवारचा हिशेब,
कुणाचा तरी अर्धवट भागाकार.
बाक तिसरीतल्या मुलांच्या मापाचे.
बेलापूरहून येणारे निवृत्त तहसीलदार
गुडघे हनुवटीला लावून देवासमोर बसतात,
आणि मला वाटतं, बरंच आहे हे.

वार्षिक सभेआधी ओहोळ पाळकांनी वही दिली:
कुणाला कोणतं कृपादान, लिहून काढा.
मी चिटणीस. आठवडाभर वाशीच्या लॅबमध्ये
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावते,
रकाने भरणं माझ्या हातचा मळ.

निरंजन भालेराव: पेटी.
रात्रपाळीवरून थेट येतो, प्रवचनात झोपतो,
‘आमेन’ झालं की आधी बोटं जागी होतात, मग डोळे.
सुगंधा पठारे: चहा.
खोडलं. आदरातिथ्य लिहिलं.
तेही खोडलं, चहाच ठेवला.
रूथबाई खरात.
ऐकू येत नाही, वाचता येत नाही,
शेवटच्या बाकावरून पाठी मोजतात.
कोण आलं नाही ते त्यांना पाठींवरून कळतं
आणि सोमवारी त्या त्याच्या दाराशी उभ्या,
हातात ओव्याची पुडी.
ह्याला काय म्हणायचं?
मी नुसतं लिहिलं: पाठी.

मग शमुवेल त्रिभुवन.
ठाणे-बेलापूर रोडवरच्या बंद कारखान्यातले जुने युनियनवाले.
पंख्यावरून भांडतात, वर्गणीवरून भांडतात,
गेल्या नाताळात चांदणीच्या दिव्याचं बिल मागत
बाळ येशूला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं.
रकाना रिकामा सोडून मी पान उलटलं.

एप्रिलात ओबेद उबाळेचं बाळ गेलं.
एकवीस दिवसांचं. नाव ठेवायचं राहिलं होतं.
दफनाच्या परवान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला,
नावाशिवाय फॉर्म घेत नाही, उद्या या.
पाळकांनी हात जोडले.
तहसीलदारांनी ओळख सांगून पाहिली.
ओबेद जिन्यावर बसून
स्वतःच्या चपलेचा अंगठा उसवत होता.

त्रिभुवन भांडले.
कलम सांगून भांडले, तारीख सांगून भांडले,
खिडकी बंद झाली तेव्हा
वळसा घालून मागच्या दारानं गेले आणि भांडले.
सहा वाजता शिक्का बसला.
नावाच्या जागी: बाळ उबाळे.

मातीपाशी गीत कुणी सुरू करेना.
पेटी आणायचं सुचलंच नव्हतं.
पाळकांनी पुस्तक उघडलं, पान सापडेना.
त्रिभुवनांनी तोंड उघडलं,
घशातून नुसती हवा आली.
तेव्हा रूथबाईंनी सुरू केलं,
भलत्याच पट्टीत, फार वर,
आणि भालेराव, ज्याला चुकलेला सूर
भातातल्या खड्यासारखा लागतो,
तोच सगळ्यांत आधी त्या पट्टीत गेला.
मग आम्ही.
सुगंधानं थर्मास आणला होता.
पहिला कप खड्डा खणणाऱ्याला दिला.

वही आज द्यायची आहे.
फळ्यावर आज बेरीज, उभी, चार ओळींची.
डोक्यावर बारीक अक्षरात हातचा एक,
मांडलेला, आणि मिळवायचा विसरलेला.
प्रवचन ऐन रंगात असताना
त्रिभुवन उठले. आवाज अजून बसलेलाच.
‘पाळकसाहेब, मागं बघा. उत्तर चुकलंय.’

कुणी म्हणालं, फळ्याला हात लावायचा नाही.
ते म्हणाले, अट पुसण्याची आहे,
लिहिण्याची नाही.
कुणी म्हणालं, पोराची चूक पोरालाच सापडू द्या.
ते म्हणाले, सोमवारपर्यंत
हातच्यानं असंच लटकत राहायचं का?

सव्वाअकरा झालेत.
रखवालदार दाराशी किल्ल्या वाजवतोय.
रूथबाई विचारताहेत, काय झालं, काय झालं,
आणि ओबेद त्यांना बोटांनी
एक, फक्त एक, असं दाखवताना
चुकून हसलाय.

वही माझ्या मांडीवर. उघडी.