अंगी

"अंगी तेगीरी, अण्णा," शिवलीला सिस्टर म्हणाली.
मी नुसता बघत राहिलो.
अंगी म्हणजे सदरा, एवढं कानडी मला येतं.
पण दवाखान्यात, परक्या बायकांसमोर,
बेळगावच्या थंडीत, पहाटे साडेचारला
बापानं सदरा कशाला काढायचा?

उद्यमबागेत फौंड्रीत आहे मी, अकरा वर्षं.
साचा भरतो, लोखंड ओततो.
रस तयार झाला की नाही
हे गालाच्या कातडीला आधी कळतं, मग डोळ्यांना.
उष्णता मला कुणी शिकवावी
असं काही उरलं नाही, असं वाटायचं.

अकराशे चाळीस ग्रॅम.
एवढ्या वजनाचं कास्टिंग मी बोलता बोलता
डाव्या हातानं ट्रॉलीत टाकतो.
हिला घेताना दोन हात पुरेनात.

वैजयंता वरच्या मजल्यावर, आयसीयूत.
बीपी डोक्यात चढलेलं, झटके येऊन गेलेले,
आपण बाळंत झालोय हेच तिला ठाऊक नव्हतं.
काचेच्या पेटीत आधीच दोघं झोपलेली.
सिस्टरनं माझ्या उघड्या छातीकडे बघितलं,
मी भट्टीकडे बघतो तसं.

मी तीनदा साबण लावून आलो होतो,
तरी काळी रेती कातडीत मुरलेली ती मुरलेलीच.
"असू दे," म्हणाली, आणि पोर पालथी ठेवली.
बेडकीसारखे पाय, मान एका अंगाला,
टोपी, लंगोट, बाकी मध्ये काही नाही.
वैजयंताच्या जुन्या सुती साडीनं
आम्हा दोघांना मिळून एक गाठ मारली.

पहिला तासभर मी श्वास मोजले.
तिचे. मध्येच ती घ्यायचा विसरायची.
दहा आठवडे आधी आलेली, तिला कुठली सवय?
मशीन ओरडायचं, सिस्टर धावत यायची,
तळव्याला टिचकी मारायची.
मग हळूहळू असं झालं,
की माझी छाती वर गेली की तिला धक्का लागे
आणि तिला आठवे.
सकाळपर्यंत मशीन दोनदाच ओरडलं.

सदरा खुर्चीवर पडलेला.
खिशाच्या वर टाचणीचं बारीक भोक,
एक नोव्हेंबरच्या काळ्या फितीचं.
सिस्टरनं पाहिलं असेल, नसेल.
तिनं काखेतलं थर्मामीटर उजेडात धरलं:
"छत्तीस पॉइंट सहा. बिसी ऐती."
आणि मग माझ्यासाठी, मराठीत: "ऊब धरली."
फायलीवर नाव लिहिलं. मला वाचता येईना,
पण ती गोल अक्षरं
पाय पोटाशी घेऊन एकमेकांना चिकटून निजलेली.

सासरे हलग्याहून डबा घेऊन आले.
दारातूनच म्हणाले,
"काय गा, अंड्यावर कोंबडी बसल्यागत बसूलैस?"
होय म्हटलं, तसंच.
हसले. मग चप्पल बाहेर काढून
बराच वेळ नुसते उभे राहिले.

नवव्या दिवशी वैजयंता खुर्चीवरून खाली आली.
दूध नव्हतं. पंपाला चार थेंब, तेही रडून.
गाठ सोडली, पोर तिच्याकडे सरकवली,
त्या मधल्या दोन पावलांत ती कुईकुई करून गेली.
मग आईच्या कातडीला नाक लागलं
आणि एकदम गप्प.
तासाभरात वैजयंताचा पदर ओला झाला.
ती माझ्याकडे बघून म्हणाली,
"किती हलकं गा हे. तू एवढे दिवस कसं धरलंस?"
मला सांगता येईना. धरलं नव्हतं मी,
बसलो होतो.

दिवसा ती, रात्री मी.
वजन आधी उतरलं, ऐंशी ग्रॅम,
मग पंधरा, वीस, एकदा नुसतेच पाच,
एकदा पंचवीस: त्या दिवशी वॉर्डभर कुंदा वाटला.

सुट्टी दिली तेव्हा काटा सोळाशे वीसवर.
शिवलीला सिस्टर मराठीतच म्हणाली,
"दूध अंगी लागलं हो पोरीच्या."
तो शब्द ऐकून मी उगीच
सदऱ्याची बटणं चाचपली.

आता परत शिफ्टला आहे.
रस ओततो, तोंड तापतं, हात तापतात.
फक्त इथे, बरगडीच्या वर,
तळहाताएवढी एक जागा
दुपारी तीनच्या सुमारास गार पडते.