डावीकडे न वळणाऱ्याचा इतिहास

स्मरणिकेसाठी दोन पानं दे, म्हणाल्या उपाध्ये मॅडम,
रोबोटिक्सच्या टीमचा इतिहास, तू पहिल्या बॅचचा ना.
मी शिरोलीत, दुसऱ्या पाळीला,
साच्याची काळी वाळू नखांत घेऊन
फोनवर हो म्हणालो.

इतिहास खरं तर एका वहीत होता.
दोनशे पानी, कव्हरवर अन्वर शिकलगारचं अक्षर:
‘हात लावाल तर याद राखा.’
एकोणीसच्या पुरात शुक्रवार पेठेत पाणी चढलं,
वही प्रयोगशाळेत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर.
कस्तुरीनं चिकटलेलं एकेक पान सोडवून
गच्चीवरच्या दोरीला चिमट्यांनी लावलं.
शाई सगळी पंचगंगेनं नेली.
पेन्सिलीच्या आकृत्या तेवढ्या राहिल्या,
आणि एका पानावर भज्याच्या तेलाचा गोल.

म्हणून हे तोंडी.

अन्वर म्हणतो, सुरुवात उद्यमनगरात झाली,
त्याच्या चुलत्याच्या लेथखाली,
जिथं लोखंडाचे कुरळे किस चपलेत घुसायचे
आणि वायपरच्या जुन्या मोटारी किलोवर मिळायच्या.
कस्तुरी म्हणते, छे,
सुरुवात वर्गात झाली,
‘पोरींना वेल्डिंग कशाला’ असं कुणीतरी म्हटलं तेव्हा.
कोण म्हटलं, ते ती सांगत नाही.
बहुतेक मीच.

पहिल्या रोबोटचं नाव पठ्ठ्या.
वजन अठरा किलो, मर्यादा पंधरा.
पुण्यात काट्यावर ठेवला,
पंचांनी आकड्याकडे नुसतं बोट केलं.
मग पार्किंगमध्ये उकिडवं बसून
आम्ही तीन किलो पठ्ठ्या करवतीनं कापला.
उरला तो डावीकडे वळेना.
काय काय केलं, शिव्यासुद्धा दिल्या.
शेवटी कस्तुरीनं प्रोग्रॅममध्ये लिहिलं:
डावीकडे जायचं असेल तर तीनदा उजवीकडे वळ.

आणि तो वळला,
लाल मातीत उतरलेला गडी
हात भिडवण्याआधी फिरतो तसा,
गोल, निवांत, कुणाची घाई नसल्यासारखा.
लोक हसले. मग शिट्ट्या.
मग वेळ संपली.
चाळीस संघांत अडतिसावे.
एसटीत साताऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही,
कराडला भूपाल मगदूमनं चिवड्याची पुडी फोडली,
‘लेका, दोघं तर मागं हाईत की’ म्हणाला.

पुढच्या पोरांनी ढाल आणली, ते मला पेपरात कळलं.
परवा गेलो होतो बघायला.
त्यांचा रोबोट हलका, दोन्हीकडे वळतो,
पार्ट छापून काढतात आता.
एका मुलीनं विचारलं, काका,
जुन्या प्रोग्रॅममध्ये ही तीन वळणं कशाला?
काढायला गेलं की सर ओरडतात.
मी म्हटलं, असू दे.

मॅडम, दोन पानं काही भरली नाहीत.
आकृत्या छापा.
वेल्डिंगचं ते वाक्य काढू नका, माझ्या नावासकट घाला.
आणि तेलाचा गोल,
तोही.