चारशे पंचेचाळीस

सोहारच्या बंदरात धक्क्यांना नंबर आहेत.
माझ्या बंदरांनाही.
चारशे पंचेचाळीस म्हणजे फायली वाटून घ्यायचं.
गुरुवारी दुपारी सूचना आली : त्याला भोक आहे.
पासवर्ड लागत नाही, कडी वाजवावी लागत नाही,
एक वेडंवाकडं पाकीट,
आत आहे त्याहून मोठी लांबी सांगणारं,
यंत्र ते मुकाट फोडतं, वाचतं,
आणि वाचता वाचता
वाचलेलं करायला लागतं.

मकबाली साहेबांना सांगितलं.
म्हणाले, गेटवर तीन कॅमेरे आहेत ना?
मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा,
याचं अरबी मला येत नाही.
म्हटलं, आज रात्री मी थांबते.

आमच्या खारेपाटात उधाणाआधी
बाबा कंदील घेऊन बांधावर फिरायचे.
दगडांकडे बघायचेच नाहीत. चिखल बघायचे.
खेकड्याचं बीळ अंगठ्याएवढं,
आणि सकाळी अख्खं शेत खारं.

रात्री अकरा. काचेला बाहेरून घाम.
एकतीस यंत्रांना ठिगळ लावलं,
हिशेबाची, कस्टमची, रोवेनाचं
(तिच्या पडद्यावर मुलाचा दात पडलेला फोटो).
बत्तिसावं वजनकाट्याचं.
त्याला ठिगळ निघालेलंच नाही,
बनवणारी कंपनी कधीच बुडाली.
त्याला एकच जुनी बोली कळते
आणि त्या बोलीत ‘कोण?’ हा शब्द नाही.
थंकच्चन बजावून गेलाय :
हा बोलायचा थांबला तर सहा वाजता
ट्रकांची रांग फलज अल कबाइलपर्यंत.

बंद करण्याआधी आत डोकावले.
पावत्या, पावत्या, दोन हजार तेरापासूनच्या पावत्या,
आणि तळाशी बिननावाचा एक फोल्डर.
एकशे सहा पासपोर्ट.

घशाला कोरड पडली. म्हणजे कुणीतरी आलं होतं.
आलं होतं आणि माल एका जागी रचून ठेवला होता.

मग स्कॅन नीट पाहिले.
सगळे तिरके. एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
वेळ सगळ्यांची दोन ते तीन.
पासपोर्ट व्हिसाहून संध्याकाळी परत येतात,
सकाळी तिजोरीत जातात.
मधली एक रात्र ते वॉचमनच्या खणात असतात.

टेकबहादूर आला. टोपी हातात.
“मॅडम, तिथे पासवर्ड विचारत नाही.”
बराच वेळ एवढंच.
मग म्हणाला, पहाटे छापून देतो.
कुणाला दवाखान्यात लागतो, कुणाला एम्बसीत.
गुलबाजला कशालाच लागत नाही,
त्याला नुसता बघायचा असतो.

मी खुर्चीत मागे टेकले.
बीळ बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे
असंच सूचनेत होतं.

तीन चाळीसला वजनकाट्याभोवती भिंत घातली.
आता तो फक्त एकाशी बोलेल, तेही मोजकं.
पाहुण्यांचं खातं बंद.
एकशे सहा चेहरे दुसऱ्या यंत्रावर हलवले,
कुलपात, आणि त्याला किल्ली करून देते म्हटलं.
पासवर्ड ठेव काहीतरी. नाव नको, गाव नको.
तो विचारात पडला.
“नाव नाही, गाव नाही, मग काय उरतं?”
शेवटी पाठ करून एका बोटाने टाइप केलं.
पडद्यावर अकरा काळे ठिपके.
तो वाकून त्यांच्याकडे बघत राहिला.
“हे माझं दिसत नाही, मॅडम.”

अहवालात लिहिलं : बत्तीसपैकी एकतीस.
‘उरलेला धोका’ हा रकाना
साहेब वाचत नाहीत, म्हणून तो भरायला सोपा असतो.
तोच राहिला.
बाहेर पहिला ट्रक काट्यावर चढला,
आकडा थोडा डगमगला, थांबला.
थंकच्चनने पावती फाडली.
टेकबहादूर गेटकडे जाताना
ओठांनी अकरा अक्षरं म्हणत होता.