शेपूट

जिंतूरच्या बागेतला डायनासोर बांधला
तेव्हा माझ्या बापासमोर होता फक्त एक खोडरबर.
खोडरबरावर हिरवा, अंगठ्याएवढा तो:
मान लांब, पाय चार,
शेपूट कुणीतरी चावून खाल्लेलं.

कुणीतरी म्हणजे मी.
तिसरीत होते.

दुरगप्पा मिस्त्री म्हणायचे बापाला,
पण तो मूळचा खाणीतला, सुरुंगाच्या भोकांचा माणूस.
सिमेंटचं जनावर त्यानं कधी केलं नव्हतं.
मग जमवत गेला.
कातडी आमच्या गल्लीतल्या म्हशीची,
पाय परभणीच्या सर्कशीत पाहिलेल्या हत्तीचे,
मान दिवाळीनंतर गायी घेऊन येतात
त्या काठेवाड्यांच्या उंटाची.
पोटात विटांचे तुकडे, फुटकी कौलं,
आणि मानेत, हे फक्त मला माहीत आहे,
चुलत्याच्या सायकलची चौकट.

मुख्याधिकारी म्हणाले, दात दाखवा मिस्त्री,
पोरं भ्यायला पाहिजेत.
बाप म्हणाला, साहेब, पाला खाणाऱ्याचे दात
दिसत नसतात. चघळताना ओठ मिटलेले असतात.
आणि शेपूट?
ते त्यानं सरळ जमिनीवर सोडून दिलं.
एवढं वजन कोण उचलून धरणार?

भोवती तळं बांधलं होतं, आतून निळं.
असला जड प्राणी पाण्याबाहेर उभाच राहू शकत नाही
असं कुणीसं सांगितलं होतं तेव्हा.
पाणी काही आलं नाही.
गावाच्या नळालाच आठ दिवसाला एकदा,
बागेतल्या डायनासोरला कोण सोडतंय?
तो कोरड्या निळ्या खड्ड्यात उभा राहिला,
पायाशी शेंगांची टरफलं.

पुढं मी औरंगाबादला भूगर्भशास्त्र शिकले
आणि सुट्टीत येऊन एकेक चूक काढू लागले.
तो चघळत नव्हता, बाबा. पाला ओरबाडायचा
आणि तसाच गिळायचा.
बाप म्हणाला, घाईत असंल.
तो पाण्यात राहत नव्हता. कोरड्या जमिनीवर चालायचा.
बाप म्हणाला, मंग बरोबरच हाय की आपला.
शेपूट टेकत नव्हतं. त्याच्या पावलांचे ठसे सापडलेत,
मध्ये फरपटल्याची रेघ जवळपास कुठंच नाही.
वासा धरावा तसं मागं धरून चालायचा,
मानेला तोल म्हणून.

यावर तो काही बोलला नाही.

मग मी नकाशा पसरला.
हा आपला काळा दगड, हा सगळा थिजलेला लाव्हा,
थरावर थर.
त्याच्याही खाली ती जुनी जमीन, जिच्यावर तो चालला.
नागपूरकडं कुठंकुठं उघडी पडते,
हाडं निघतात, दगड झालेली अंडीसुद्धा.
आपल्याकडं सगळं झाकलेलं.

बाप बराच वेळ स्वतःचे तळहात बघत बसला.
चाळीस वर्षं सुरुंग लावला मी, म्हणाला,
म्हंजे त्याचं छप्पर फोडायलो होतो व्हय?

काल संध्याकाळी आम्ही दोघं बागेत गेलो.
तो काठी टेकत, मी टेप घेऊन.
शेपूट छाटायचं, नव्या सळया घालायच्या,
वर उचलून बांधायचं, असा अर्ज मीच लिहिला होता.
शेपटीवर पोरांची रांग.
मानेपाशी चढायचं, पाठीवरून बसून यायचं,
धप्पकन खाली.
हिरवा रंग कधीच गेलाय तिथला,
सिमेंट जात्याच्या खुंट्यासारखं गुळगुळीत.
ओ आज्जा, सरका की, एकजण ओरडला.

बाप सरकला. मग गुडघ्यावर बसला, कण्हत,
शेपटीच्या टोकाशी.
तीस वर्षांच्या धप्पकन पडणाऱ्या पायांनी
खालची माती उकरून खळगा झालाय.
त्यानं हात पालथा केला
आणि टोकाखाली सरकवला,
बोटं, मग अख्खा पंजा, मनगटापर्यंत.

जातंय बघ, म्हणाला.

टेप माझ्या हातात तसाच.
वरून पुढचं पोरगं सुटलं होतं.