राणीऐवजी गुंडी

पॉवर हाऊसच्या मागे, दुसऱ्या खांबाखाली
एक निळा पिंप, उपडा.
त्याच्यावर कॅरम.
फुटपाथ गटाराकडे कललेला,
म्हणून पिंपाच्या डाव्या कडेखाली
पेणकरांच्या वीजबिलाची घडी.
बिल जुनं आहे, भरलेलं आहे,
हे ते दर दोन दिवसांनी सांगतात.

माझी इस्त्रीची गाडी खांबाला लागून.
कोळसा निवत आला की जमतात:
डेव्हिड पेणकर, रेल्वेतून रिटायर;
मुर्तुझा, हार्डवेअरचं शटर अर्धं ओढून,
अर्धंच, कुणाला खिळे लागले तर;
कचरू ओव्हाळ, रिक्षा आडवी लावून;
आणि सपकाळांचा मुका अवधूत,
ज्याच्याशी भांडता येत नाही
म्हणून जो कायम जिंकतो.

बाकीचे स्कूटरला टेकून
खेळणाऱ्यांपेक्षा जास्त खेळतात.
"कट घे." "अरे थंबनं!" "रिबाउंड आहे की डोळ्यासमोर!"
ज्याला आयुष्यात सोंगटी घालता आली नाही
त्याला सगळे कोन दिसतात.

राणी हरवली त्याला तीन दिवाळ्या झाल्या.
कचरूचा फटका. उडाली,
चेंबरच्या जाळीवर क्षणभर कडेनं उभी राहिली
(सगळ्यांनी पाहिलं, कुणी हललं नाही)
आणि गेली खाली, नागझरीला.
मी माझा डबा उघडला.
लोकांच्या कपड्यांवरून निसटलेल्या गुंड्या असतात त्यात,
परत मागायला कुणी येत नाही.
एक लाल दिली, कुणाच्यातरी कोटाची, चार भोकांची.
ती उजवीकडे ओढते.
तो ओढा आता सगळ्यांच्या बोटांना पाठ झालाय.
मध्ये मुर्तुझानं नवा सेट आणला, खऱ्या राणीसकट.
दोन संध्याकाळी खेळले.
मग कुणी काही न बोलता गुंडी परत आली.

गेल्या महिन्यात अतिक्रमणची गाडी आली.
मी माझी गाडी ढकलली बोळात,
निखारे सांडत.
कॅरमला चाकं नाहीत.
पावती मिळाली:
लाकडी फळी, नग एक. भोके चार.
पिंप तेवढा ठेवून गेले.

तरी ते यायचेच. साडेआठला,
पिंपाच्या चार बाजूंना चौघं,
हात कुठे ठेवायचे ते कळेना.
त्या नऊ दिवसांत मला समजलं
की पेणकरांची मुलगी अश्दोदला असते
आणि फोनवर फक्त तब्येत विचारते,
कचरूचे तीन हप्ते थकलेत,
मुर्तुझाला साखर निघालीय.
इतक्या वर्षांत यातलं काही निघालं नव्हतं.
बोर्ड असला की बोलणं बोर्डाचंच.
दहाव्या दिवशी पेणकर म्हणाले,
"आणा बुवा ती फळी. फारच ऐकावं लागतंय."

वर्गणी काढून दंड भरला.
गोदामात भिजून एक कोपरा फुगला होता.
मी इस्त्री फिरवली त्यावर. खरंच.
ओलं फडकं टाकून, रेशमावर फिरवावी तशी.
फुगवटा निम्मा गेला, निम्मा राहिला.

त्या रात्री मुर्तुझा दवाखान्यात, रिपोर्ट दाखवायला.
एक बाजू रिकामी.
अवधूतनं माझ्याकडे पाहिलं
आणि पिंपाकडे बोट केलं.

माझी बोटं इतकी भाजून निबर झालेली
की पावडर लागली तेही उशिरा कळलं.
पहिला नेम चुकला. दुसराही.
वरून देवधरबाईंची हाक, "अहो, माझी साडी?"
"उद्या," म्हटलं, मान वर न करता.

गुंडी उजवीकडे ओढते हे मला ठाऊक होतं.
फुगवटा डावीकडे ढकलेल, हे कुणालाच नव्हतं.
दोघांच्या ओढाताणीत ती सरळ गेली.

"नशीब," कचरू म्हणाला.
कव्हर काही मला घेता आलं नाही.
अवधूतनं खिशात हात घातल्यासारखा भोकात हात घातला,
गुंडी काढली, लुंगीला पुसली,
आणि परत मधोमध ठेवली.