पान दोनशे अठरा

वर परळ मे महिन्यात उकळतंय
आणि तळघरात आम्ही स्वेटर घालून.
थंडी माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी.
यंत्र हॉस्पिटलचं, जुनं,
एक छाती घ्यायला बावीस सेकंद लावणारं.
आमचा नुसता प्रोग्रॅम:
माणसाचे सहाशे चाळीस काप येतात, राखाडी, पातळ,
ते एकावर एक रचायचे
आणि दुबाश मॅडमनी माउस हलवला रे हलवला
की आख्खा माणूस वळला पाहिजे.
सेकंदाच्या तिसाव्या भागात.
उशीर झाला तर त्या काही बोलत नाहीत,
फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवतात.

हवा उणे हजार. पाणी शून्य. हाड हजाराच्या आसपास.
आपण सगळे या आकड्यांच्या मधे कुठेतरी.
पडद्याच्या एकेका ठिपक्यातून किरण आत सोडायचा,
तो दाणा न् दाणा चाचपत जातो,
याला किती दिसू द्यायचं, त्याला किती झाकायचं.
पट्टी सरकवली की कातडी विरते,
अजून थोडी, की स्नायू.
उरतो पिंजरा, आणि त्यात
मोरेश्वर कांदळगावकर, वय एकाहत्तर, यांची महाधमनी,
एका जागी फुगलेली.

फुग्याच्या जरा वर तिला पायरी होती.
धमनीला पायरी नसते.
मी तीन रात्री ती पायरी शोधली:
मेमरीत, कार्डात, मीच मार्चमधे लिहिलेल्या
चाळीस ओळींत, ज्यांची आता मला लाज वाटते.
काप मोजले. सहाशे चाळीस. एकही गहाळ नाही,
एकही दोनदा नाही.
दोनशे सतरा आणि दोनशे अठरा
एकमेकांना ओळख देत नव्हते, एवढंच.

चौथ्या दिवशी मॅडम त्यांनाच घेऊन खाली आल्या,
ऑपरेशन समजावायला.
साडीच्या दुकानाच्या पिशवीत फाइल,
अंगठ्याच्या पेरात खळ सुकून बसलेली.
मुगभाटात बायंडिंग. बावन्न वर्षं.
आपल्या फासळ्या गरागरा फिरताना बघून
माणसं दचकतात, एकजण तर हात जोडून उभा राहिला होता.
यांनी सवयीनं आधी कण्याकडे बघितलं.
मग म्हणाले, जरा उलटं करा.
अजून. थांबा.
आणि नख काचेवर टेकवलं, नेमकं तिथेच.

"फर्मा सरकलोहा."

मी म्हटलं, हो, आमचीच काहीतरी चूक असणार.
ते पडद्याकडेच बघत होते.
"तुमची नाय. हयसर मी श्वास घेतलंय.
ती यंत्रातली बाई 'साँस रोकिये' म्हणाली
आणि सोड म्हणूक इसारली.
रवाक नाय माका."
मग मॅडमकडे वळून, शुद्ध मराठीत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं:
"खळ ओली असताना हात लागला की असंच होतं.
उसवून परत शिवा."

गुरुवारी परत शिवलं. पायरी नव्हती.
मॅडमनी फुगा मोजला, तीनदा.
पुढचं मला ठाऊक नाही,
तळघरात निकाल येत नाहीत.

पहिली फाइल मी ठेवली. नियमाप्रमाणे नाव पुसलं,
वय पुसलं, तारीख पुसली. एक नंबर राहिला.
त्यानंतर कार्डं बदलली, तीसाचे साठ झाले, साठाचे नव्वद,
नव्या पोरांना आमचा जुना वेग सांगितला तर हसतात.
मागल्या वर्षी अन्सारनं अशी काही सफाई लिहिली
की पायरी गुळगुळीत होऊन गेलीच.
सुंदर दिसत होती धमनी, पुस्तकात असते तशी.
मी त्याला परत पाठवलं.

अजूनही नवी आवृत्ती आली
की आधी ती या फाइलवर चालवतो.
कातडी जाते, स्नायू जातात, पिंजरा वळतो,
मी दोनशे अठरापाशी थांबतो.
पायरी दिसली
की चहाला जातो.