वीस मिनिटांचा कार्बन

तुर्कू, फेब्रुवारी. नदी गोठलेली,
आणि तळघरातल्या सायक्लोट्रॉनने आत्ताच
मला चिमूटभर कार्बन दिलाय
जो फार वेळ कार्बन राहणार नाही.
वीस मिनिटांत निम्मा.
शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर,
मग नवटाक, मग छटाक.
मी त्याची औषधाशी गाठ मारते, गाळते, तपासते,
शिशाच्या डब्यात बंद करते
आणि जिन्याने धावते. लिफ्टचा भरवसा नाही.

वर तुइरे लेह्तोला आडवी झालेली.
चौदा वर्षं बेटांच्या फेरीबोटीवर दोर फेकायची.
एकदा धक्क्याला लागताना, दोर हातात असताना,
अर्धा मिनिट ती तिथे नव्हती.
तेव्हापासून कचेरीत, फायलींपाशी.
"कागद पाण्यात पडत नाहीत," म्हणते.
हसत नाही.

आधी तिला वास येतो.
पाइनच्या डांबराचा. मे महिना, अंगणात उपडी घातलेली होडी,
बाप ब्रश घेऊन वाकलेला.
मग पोटातून काहीतरी चढत येतं,
मग काहीच नाही,
मग जिभेवर रक्त आणि भोवती लोकांचे बूट.

तिचा एमआरआय दोनदा निर्दोष आला.
निर्दोष!
जणू तिच्यावर खटलाच चालू होता.

मेंदूत एक रसायन असतं, "पुरे आता" म्हणणारं.
ते ऐकणारे कान पेशीपेशीवर असतात
आणि माझा कार्बन जाऊन नेमका त्या कानांत बसतो.
कान शाबूत, तिथे पडद्यावर उजेड.
कान झडलेले, तिथे
कुणी कितीही "पुरे" म्हणो.

सुई हातात घेतली तोच तिने नाक आक्रसलं.
"आलं," म्हणाली. "डांबर."
मी घड्याळ पाहिलं.
तिच्याकडे नाही, आधी घड्याळाकडे पाहिलं;
हे कुठल्याही नोंदवहीत जात नाही म्हणून इथे लिहिते.
एर्क्कोने तिला कुशीवर वळवलं, हनुवटी धरली.
मी मोजत राहिले, दोन्ही मोजत राहिले,
तिचे सेकंद आणि डब्यातली मिनिटं.
सत्तर सेकंद. डब्यात पावशेर.
डोळे उघडून ती म्हणाली, "होडी वाळली का?"
एर्क्को माझ्याकडे बघू लागला.
"अजून नाही," मी म्हटलं.

त्या दिवशीचा कार्बन तसाच डब्यात राहिला.
संध्याकाळपर्यंत त्याचं बोरॉन झालं,
कुणाच्याच कामाचं नाही, कुणाला अपायही नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा. या वेळी तासभर
ती यंत्रात निपचित, मुखवट्याखाली, पायमोज्यांत
दोन्ही अंगठे एकमेकांवर घासत.
आणि चित्र आलं.
डावीकडे, कानशिलाच्या आत, समुद्रघोड्यासारख्या त्या घडीत
शेंगदाण्याएवढा काळोख.
मला आनंद झाला. सापडलं की होतोच.

तिला चित्र दाखवायचं नसतं, तरी दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"होडी इथे आहे?"
डॉक्टर समजावतील, मी म्हटलं.
"एवढं कापून काढलं तर वास जाईल?"
झटके थांबतील अशी आशा आहे, मी म्हटलं.
"मी वासाबद्दल विचारलं."

बाहेर बर्फ फोडणारी गाडी रस्ता खरवडत होती.
तिने स्वेटर उलटा घातला, पुन्हा काढला,
सुलटा घातला, आणि गेली;
सही मात्र करून गेली, जागच्या जागी, ठसठशीत.

खाली यंत्र पुन्हा घुमू लागलेलं.
पुढचा रुग्ण साडेअकराला, एक शाळामास्तर,
ज्याला झटक्याआधी घंटा ऐकू येते.
मी हातमोजे उतरवले
आणि का कोण जाणे, तळवा हुंगला.
रबर.